शाळेतील छळ आणि हिंसेवरची कादंबरी : तिच्याशी स्वतःचे नाते कसे जोडावे

शाळेतील छळ आणि त्यातून उसळलेली हिंसा या विषयावरची कादंबरी वाचून तिच्यावर काही लिहायचे किंवा बोलायचे असले, की बहुतेक वाचक एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात : ‘मलाही शाळेत चिडवत असत, त्यामुळे नायकाचे दुःख मला आपलेच वाटले.’ हे वाक्य खोटे नसते, पण त्यातून कादंबरीबद्दलही काही कळत नाही आणि वाचकाबद्दलही. कोणी चिडवले, कशावरून चिडवले, त्या वेळी बाकीचे काय करत होते आणि कादंबरीतल्या कोणत्या पानावर ते आठवले, यांपैकी काहीच त्यात नसते. शिवाय या वाक्यात वाचक स्वतःसाठी एकच जागा राखून ठेवतो, ती म्हणजे सोसणाऱ्याची. माझे मत असे आहे, की वर्गातल्या तशा प्रसंगात आपण नेमके कुठे उभे होतो हे शोधल्यावरच या प्रकारच्या कादंबरीशी खरे नाते जुळते. आणि ती जागा बहुतेकांच्या बाबतीत सोसणाऱ्याची नसते. निबंध लिहिणारा विद्यार्थी, वाचनगटात बोलणारा प्रौढ वाचक आणि केवळ स्वतःसाठी वही उघडणारा माणूस, अशा तिघांनाही उपयोग व्हावा या बेताने पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

पहिले वाचन

पहिल्या वाचनात स्वतःला शोधत बसू नये. वाचक आणि मजकूर यांच्या देवघेवीतून साहित्यकृती घडते, हा विचार लुइस रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासिकेने १९३८ पासून मांडला आणि पुढे वाचनाच्या दोन वृत्तींमध्ये फरक केला. एका वृत्तीत वाचून झाल्यावर सोबत काय न्यायचे याकडे लक्ष असते. दुसऱ्या वृत्तीत वाचत असताना आपल्या आत काय चालले आहे याकडे. ‘या कादंबरीशी तुमचे वैयक्तिक नाते लिहा’ असे काम मिळाले, की वाचक पहिल्या पानापासून आपल्या आठवणीशी जुळणारे प्रसंग वेचू लागतो, आणि हे वेचणे पहिल्या वृत्तीतच मोडते. जुळणारे हाती लागते, पण जे जुळत नाही आणि तरीही अस्वस्थ करते ते निसटून जाते. म्हणून पहिल्यांदा सरळ कथा वाचावी आणि हातात फक्त एक पेन्सिल ठेवावी.

पेन्सिलीने वाक्ये अधोरेखित करण्यापेक्षा आपल्या प्रतिक्रियांच्या जागा टिपाव्यात. जिथे पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले, जिथे दोन परिच्छेद घाईने ओलांडले, जिथे हसू आले आणि लगेच ते आवरले, जिथे डोळे शब्दांवरून फिरत राहिले पण मन भलतीकडेच गेले, अशा ठिकाणी समासात एक रेघ आणि दोन शब्द पुरेत. विशेष लक्ष द्यायचे ते एका प्रतिक्रियेकडे, कारण ती कबूल करायला कोणालाच आवडत नाही : छळ सोसणाऱ्या पात्राचाच राग येणे. ‘हा काही बोलत का नाही?’, ‘पुन्हा त्याच जिन्याने कशाला गेला?’, ‘घरी का सांगत नाही?’ असे प्रश्न मनात उमटले, तर ती जागा ठळक करून ठेवावी. पुढे लिहिताना सर्वांत जास्त ऐवज बहुधा तिथेच सापडतो, कारण शाळेत असताना हेच प्रश्न आपण दुसऱ्या कोणाबद्दल तरी विचारलेले असतात आणि त्यांच्या आडून स्वतःची सुटका करून घेतलेली असते.

भांडण कोणते आणि छळ कोणता

स्वतःच्या आठवणींकडे वळण्यापूर्वी एक फरक स्पष्ट करून घ्यावा. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, आणि त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही प्रमाण मानल्या जातात : इजा करण्याचा हेतू असणे, ती वागणूक पुन्हा पुन्हा होणे, आणि दोन बाजूंच्या ताकदीत तफावत असणे. ताकद म्हणजे केवळ दंडातले बळ नव्हे. वर्गातला मान, मित्रांची संख्या, बोलण्यातली चलाखी, दुसऱ्याचे एखादे गुपित हाती असणे, ही सगळी ताकदच असते. दोन तुल्यबळ मुलांची एकदा जुंपलेली मारामारी हे भांडण आहे, मग त्यात नाक का फुटेना. आणि वर्षभर रोज एकाच मुलीच्या शेजारचा बाक रिकामा राहील अशी चोख व्यवस्था करणे हा छळ आहे, जरी त्यात कोणी कोणाला बोटही लावलेले नसले.

ही कसोटी कादंबरीला लावून पाहावी आणि मग तेवढ्याच कठोरपणे स्वतःच्या आठवणींनाही लावावी. काही वाचकांच्या लक्षात येते, की ज्याला आपण इतकी वर्षे ‘माझा छळ’ म्हणत आलो ते एक कडू भांडण होते. काहींना उलटे उमगते : ‘आमच्यात सगळी मस्करीच चालायची’ असे ज्याबद्दल सांगत आलो, त्यात या तिन्ही खुणा ठासून भरलेल्या होत्या. दोन्ही शोध लिहिण्याजोगे आहेत. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरातील जवळपास तीनांपैकी एका विद्यार्थ्याने मागील महिन्यात किमान एकदा शाळासोबत्यांकडून छळ सोसलेला असतो. याचा अर्थ असा, की ज्याला शाळेत अशी एकही गोष्ट दिसली नाही असा वाचक विरळा. दिसूनही तिला हे नाव न दिलेला वाचक मात्र पुष्कळ.

आपली जागा शोधणे

आता मुख्य कामाकडे येऊ. क्रिस्टिना साल्मिवाल्ली या फिनिश मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये असे दाखवून दिले, की वर्गातला छळ दोघांमध्ये घडत नसून तो सगळ्या वर्गाच्या उपस्थितीत आणि बऱ्याच अंशी वर्गासाठी घडतो. त्यांनी भूमिका वेगळ्या केल्या त्या अशा : छळणारा म्होरक्या, त्याला हातभार लावणारा साथीदार, हसून आणि टाळ्या देऊन त्याला जोर चढवणारा, बाजूला सरून काही दिसलेच नाही असे वागणारा, सोसणाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा, आणि स्वतः सोसणारा. कॅनडातल्या शाळांच्या मैदानावर चित्रीकरण करून हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती आणि केवळ १९ टक्के प्रसंगांत त्यांच्यापैकी कोणी मध्ये पडले. मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. या शेवटच्या आकड्याशी मी दर वेळी अडखळतो, कारण ‘मी एकटा काय करणार होतो?’ या आपल्या आवडत्या उत्तराला तो सुखाने जगू देत नाही.

कादंबरीतला एक प्रसंग निवडावा आणि त्यात हजर असलेल्या प्रत्येकाची यादी करावी. ज्यांना नावे आहेत त्यांची तर करावीच, पण ‘कोणीतरी मागून हसले’, ‘वर्ग शांत होता’, ‘दाराशी दोघे-तिघे उभे होते’ अशा अर्ध्या वाक्यात येऊन गेलेल्यांचीही करावी. मग प्रत्येकापुढे वरच्यापैकी एक भूमिका लिहावी. यादी पुरी झाली, की स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझ्या शाळेत असा प्रसंग घडला तेव्हा या यादीतल्या कोणत्या ओळीवर माझे नाव आले असते? उत्तर एकच असेल असे नाही. सहावीत सोसणारा मुलगा आठवीत साथीदार झालेला असू शकतो, आणि बहुधा पुन्हा आपली पाळी येऊ नये म्हणूनच झालेला असतो. असा बदल आपल्या बाबतीत घडला असेल, तर कादंबरीतही तो शोधावा. चांगल्या लेखकाने तो एखाद्या दुय्यम पात्रात पेरलेला असतो आणि पहिल्या वाचनात तो नजरेतून सुटतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, कादंबरीत एक अडखळत बोलणारा मुलगा उभा राहून धडा वाचतो आहे. तो अडखळला, की मागच्या रांगेतून कोणीतरी बाकावर बोटाने ठक असा आवाज काढतो, आणि हळूहळू आणखी दोन-तीन बाकांवरून तोच आवाज येऊ लागतो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून लिहीत आहेत. वाचकाची पहिली नोंद साधारण अशी असते : ‘हा प्रसंग वाचून मला फार वाईट वाटले. आमच्या वर्गातही अशाच एका मुलाला चिडवत असत. कोणाच्याही व्यंगावर हसू नये.’ पहिले वाक्य कोणत्याही वाचकाचे असू शकते, दुसरे अर्ध्यावर सोडले आहे, आणि तिसरे भिंतीवरचा सुविचार आहे.

त्याच वाचकाने यादी केल्यानंतर लिहिलेली नोंद अशी असू शकेल : ‘आमच्या वर्गात एका मुलाला र म्हणता येत नसे. हजेरी घेताना त्याच्या आधीचा क्रमांक आला, की सगळा वर्ग गप्प होई, कारण सगळ्यांना त्याचे हजर ऐकायचे असे. मी त्याची नक्कल कधीच केली नाही आणि याचा मला अभिमान होता. पण गप्प मीही व्हायचो. कादंबरीतल्या मुलाला ठकठक ऐकू येत होती. आमच्या वर्गातल्या मुलाला आमची शांतता ऐकू येत असणार, आणि ती करण्यात माझा वाटा इतर कोणाएवढाच होता. कादंबरीत पहिल्या ठकीला शिक्षकांचा खडू क्षणभर थांबतो आणि पुन्हा चालू लागतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलेच नव्हते.’

दुसऱ्या नोंदीत वाईट वाटल्याचा उल्लेखही नाही, तरी ती पहिलीपेक्षा कितीतरी जवळची वाटते. त्यात एक आवाज आहे, एक ठरलेली वेळ आहे, वाचकाने स्वतःची जागा निश्चित केली आहे, आणि मुख्य म्हणजे तो आठवणीतून पुन्हा कादंबरीकडे आला आहे व आधी न दिसलेले एक वाक्य घेऊन आला आहे. वैयक्तिक प्रतिसादाची परीक्षा मी याच खुणेवर करतो : आठवण लिहून झाल्यावर पुस्तकातले काही नवे दिसले का? दिसले नसेल, तर पुस्तक फक्त स्वतःबद्दल बोलण्याचे निमित्त झाले. त्यात गैर काही नाही, पण मग तो प्रतिसाद पुस्तकाला दिलेला नाही.

आठवण नसेल किंवा जुळत नसेल तर

असा वाचकही असतो, ज्याला आठवण्याजोगे खरोखरच काही नसते. त्याने आठवण उसनी घेऊ नये. दुसऱ्याचा अनुभव आपल्या नावावर लिहिणे किंवा साध्या थट्टेला छळाचा रंग देणे हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, आणि ज्यांनी खरोखर सोसले त्यांच्यावर तो अन्यायही असतो. अशा वाचकाने प्रसंग बाजूला ठेवून भावना घ्यावी. मैदानावर संघ निवडताना शेवटी उरण्याची भीती, शाळेच्या एखाद्या कोपऱ्यात जायला नको वाटणे, आपल्याला सोडून इतर एकमेकांकडे पाहत आहेत अशी शंका, मित्राचे खोटे सांभाळून घेण्याचे ओझे, या गोष्टी छळ न सोसलेल्यालाही माहीत असतात. त्या नेमकेपणाने लिहिल्या आणि लगेच ‘इथपर्यंतच मला हे कळते, यापुढचे कळत नाही’ अशी हद्द आखली, तर ती हद्द हाच प्रतिसादाचा कणा होऊ शकतो.

मुलांच्याच नजरेने वाचले पाहिजे असेही नाही. प्रौढ वाचकाला कादंबरीतली आई जवळची वाटू शकते, जिला मुलाचा फाटलेला सदरा दिसतो आणि ‘पडलो’ हे उत्तर ऐकून ती गप्प बसते. किंवा ज्याला तक्रार कळते पण लेखी नसल्यामुळे जो काही करत नाही, असा मुख्याध्यापक. ज्यांची मुले आज शाळेत आहेत, अशा वाचकांना ही कादंबरी स्वतःच्या बालपणापेक्षा आजच्या घराबद्दल अधिक विचारते. आपल्या काळी शाळा सुटली की छळही बहुतेक दारापाशी थांबत असे. मोबाइलवरच्या गटातून काढून टाकलेल्या किंवा फोटोवरून हसे झालेल्या मुलाला तेवढी सुटकाही मिळत नाही, हा फरक जुन्या आठवणी आजच्या कादंबरीला लावताना ध्यानात ठेवावा.

हिंसेचा भाग

या कादंबऱ्यांचा उत्तरार्ध अवघड असतो. तोवर ज्याच्या बाजूने आपण वाचत आलो, तोच मुलगा शस्त्र घेऊन वर्गात शिरतो, आणि वाचकाला दोनच वाटा दिसतात : एक तर आतापर्यंतची सहानुभूती मागे घ्यायची, नाहीतर ‘त्याच्यावर वेळच तशी आणली’ म्हणून त्याला मोकळे करायचे. दोन्ही वाटा टाळाव्यात. एखाद्याचे दुःख समजणे आणि त्याच्या कृत्याला मान्यता देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो वेगळेपणा लिहिताना वाक्यावाक्यात सांभाळावा लागतो. ‘त्याचा राग मला ओळखीचा वाटला’ हे म्हणता येते. ‘त्याने केले ते मला समजू शकते’ असे लिहिण्यापूर्वी मात्र आपण नेमके काय म्हणतो आहोत हे दोनदा तपासावे.

यासाठी थोडी वस्तुस्थिती माहीत असलेली बरी. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्यासह १९७४ ते २००० या काळातील शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हल्लेखोरांपैकी सुमारे ७१ टक्के मुलांना आपला छळ झाला, आपल्याला धमकावले गेले किंवा इजा केली गेली असे हल्ल्यापूर्वी वाटत होते. हा आकडा एकटा वाचला, की कादंबरीचे गणित सुटल्यासारखे वाटते. पण त्याच अहवालाने हेही सांगितले, की हल्लेखोराचा कोणताही एक ठरावीक नमुना सांगता येत नाही. आणि छळ सोसणारी कोट्यवधी मुले कधीच कोणावर हात उगारत नाहीत, हे तर रोजच्या जगातच दिसते. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलवर हल्ला झाला, तेव्हा वाळीत टाकलेल्या दोन मुलांनी ठरावीक मुलांवर उगवलेला सूड, अशी कथा पहिल्या काही दिवसांत सर्वत्र पसरली. तपासातून पुढे आलेले चित्र वेगळे होते. त्यांनी उपाहारगृहात स्फोटके ठेवली होती, ती फुटली असती तर छळ करणारे आणि न करणारे असा कोणताही भेद उरला नसता. कादंबरीला कारणांची साखळी लागते, कारण ती नसेल तर कथा उभी राहत नाही. वाचकाने त्या साखळीचा प्रत्येक दुवा खरा मानून चालू नये. कोणत्या दुव्यापाशी आपल्याला ‘असे होईलच असे नाही’ वाटले, तेही वैयक्तिक नात्यातच मोडते.

त्या २००२च्या अहवालातला आणखी एक निष्कर्ष मला वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. सुमारे ८१ टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे याची कल्पना किमान एका व्यक्तीला आधीच होती, आणि ती व्यक्ती बहुधा मित्र, वर्गसोबती किंवा भावंड होती. म्हणजे कादंबरीत ज्याला ‘काहीतरी’ माहीत होते आणि ज्याने ते सांगितले नाही, ते पात्र लेखकाने सोयीसाठी घातलेले नसते. चुगली केली असे म्हणतील या भीतीने आपण कोणाची कोणती गोष्ट पोटात ठेवली, याची आठवण जवळपास प्रत्येकाकडे असते. ती गोष्ट क्षुल्लक असली तरी चालेल. सांगायला गेलो असतो तर कोणाकडे गेलो असतो, त्या माणसाच्या दारापर्यंत जाऊन परत का फिरलो, हे लिहिता आले तर हिंसेच्या भागाशी नाते जोडायला हल्लेखोराच्या मनात शिरण्याची गरजही उरत नाही.

हल्लेखोराशी ओळख पटण्याला एक धोक्याची बाजूही आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. स्टीफन किंग यांनी रिचर्ड बाकमन या टोपणनावाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘रेज’ ही कादंबरी शाळेतल्या अशाच मुलाच्या तोंडून सांगितलेली आहे. प्रत्यक्षातल्या काही हल्ल्यांशी तिचे नाव जोडले गेल्यावर त्यांनी स्वतःच ती पुन्हा छापू दिली नाही. पुस्तकामुळे मुले खुनी होतात असे त्यांचे म्हणणे नव्हते, पण आधीच धुमसणाऱ्या मनात ते तेल ओतू शकते असे त्यांना वाटले. म्हणून एक सराव सुचवतो. अशा कादंबऱ्यांत हल्लेखोराला शेकडो पाने मिळतात आणि मरणाऱ्यांतल्या काहींना जेमतेम एक ओळ. त्या एका ओळीतले एक पात्र निवडून त्याची त्या दिवशीची सकाळ पानभर लिहावी : दप्तरात काय होते, कोणाशी काय बोलणे अर्धवट राहिले, संध्याकाळी काय करायचे ठरले होते. त्याने कोणाला छळले होते की नाही हे मुद्दाम अनिश्चित ठेवावे. हे पान निबंधात घातले नाही तरी चालेल. ते लिहिल्यावर हल्लेखोराबद्दलची आपली वाक्ये आपोआप बदलतात.

वहीतले आणि बाहेरचे

हे सगळे लिहिताना दोन वह्या ठेवाव्यात, किंवा निदान दोन विभाग. एका वहीत खरी नावे, खरी ठिकाणे, खरा संताप येऊ द्यावा. ती कोणाला दाखवायची नाही. दुसऱ्यांपुढे जे ठेवायचे ते त्यातून निवडून, नावे आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहावे. आपल्या आठवणीतला म्होरक्याही आज कुठेतरी राहतो आणि त्याची बाजू इथे मांडलेली नाही, याचे भान असावे. आपण सोसणारे नसून बघे होतो असे असेल, तर ज्याचा छळ झाला त्याची कहाणी चव्हाट्यावर आणण्याचा हक्क आपल्याला नाही. आपण काय केले एवढेच लिहावे.

जुने घाव उघडणारे लेखन लगेच हलके करत नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिले. लिहिल्यानंतर लगेच त्यांची मनःस्थिती अधिक खालावली, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्यातल्या घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा लिहून उठल्यावर जड वाटले तर घाबरू नये. मात्र झोप उडाली, तेच चित्र दिवसभर पाठ सोडेना, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर पुस्तक आणि वही दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. निबंधाची तारीख पुढे ढकलता येते. छळ आजही चालू असेल, तर तो निबंधात सूचकपणे लिहून शिक्षक ओळखतील अशी वाट पाहू नये. मोठ्या माणसाला तोंडी आणि स्पष्ट सांगावे, आणि एकाने कानाडोळा केला तर दुसऱ्याला सांगावे.

शिक्षकांसाठी एवढेच, की वैयक्तिक अनुभव लिहिण्याची सक्ती करू नये. ‘कादंबरीतल्या एका बघ्याच्या जागी स्वतःला ठेवून लिहा’ असा पर्याय सोबत द्यावा. ज्याला आड घेऊन बोलायचे आहे त्याला आड मिळते. गुण अनुभवाच्या तीव्रतेला देऊ नयेत, नाहीतर पुढच्या वेळी सगळा वर्ग दुःखाची चढाओढ लावतो.

गटात बोलताना

वाचनगटात किंवा वर्गात या कादंबरीवर चर्चा असेल, तर सुरुवात अनुभवांनी करू नये. आधी एखादे पान मोठ्याने वाचावे, त्या पानावर कोण कोण हजर आहे ते सगळ्यांनी मिळून शोधावे, आणि मग ज्याला वाटेल त्याने स्वतःबद्दल बोलावे. कोणी आपला अनुभव सांगितला, की इतरांची पहिली उडी सल्ल्याकडे किंवा ‘माझे तर याहून भयंकर होते’ याकडे असते; दोन्ही थोपवण्याचे काम चर्चा चालवणाऱ्याचे आहे. ‘तू मग काय केलेस?’ हा प्रश्नही जपून विचारावा, कारण ‘काहीच नाही’ हे उत्तर असलेल्या माणसाला तो आरोपासारखा लागतो.

शाळेतल्या चर्चेत सर्वांत नाजूक प्रसंग येतो तो छळणारा आणि सोसणारा त्याच खोलीत बसलेले असतात तेव्हा. शिक्षकांना हे बहुधा माहीत नसते, मुलांना मात्र पक्के माहीत असते. अशा वेळी सोसणाऱ्याने कादंबरीतल्या पात्राचेच नाव घेऊन बोलावे आणि स्वतःवर काहीही ओढवून घेऊ नये. शक्य असल्यास शिक्षकांना आधीच एकांतात सांगून त्या तासाला लेखी प्रतिसादाची मुभा मागून घ्यावी. छळणाऱ्याला स्वतःला काही जाणवले असेल, तर त्याने ते सगळ्यांसमोर जाहीर करून टाळ्या मिळवू नयेत. माफी मागायचीच असेल तर ती वर्गाबाहेर, साथीदारांना न घेता, आणि ती नाकारण्याची पूर्ण मोकळीक समोरच्याला देऊन मागावी.